राहिलेल्याचा वाटा

१

आमच्याकडे आजऱ्याला मटणाचे वाटे घालायची एक रीत होती. चार-पाच घरांनी मिळून एक बकरं घ्यायचं. ते आमच्या परड्यात कापलं जायचं आणि माझे वडील, अण्णा, पळसाच्या पानांवर वाटे घालायचे. कितीही सारखे घातले तरी कुठेतरी कलेजीचा तुकडा जास्त पडतोच, आणि तो कुणाला गेला यावरून पुढच्या सणापर्यंत धुसफूस चालते. म्हणून एकाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं. अण्णा एका वाट्यावर हात ठेवून विचारणार, "हा कुणाचा?" भिंतीकडे तोंड असलेल्याने मागे न बघता मनाला येईल ते नाव घ्यायचं. "शिंदेकाकांचा." पुढच्या वाट्यावर हात. "हा कुणाचा?" "आपला." मग कुणाला बोलायला जागाच उरायची नाही.

हे भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं काम कितीतरी वर्षं माझ्याकडे होतं. आमची नीला कधी मागे वळून बघत नाही, असं अण्णा कौतुकाने सांगायचे. स्वभावाने मी संशयी, रिक्षावाल्याने दिलेले सुट्टे पैसेसुद्धा दोनदा मोजणारी. पण खेळाचा नियम म्हणजे नियम.

ही रीत अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या आमच्या टाऊनहाऊसमध्ये मीच आणली. दोन हजार सहा साल, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. माझा नवरा सत्यजित इथल्या एका डेटा सेंटरमध्ये काम करतो. त्याच्या टीममधला ग्रेग पन्नाशीचा, जुना शिकारी. त्याने सत्यजितला आणि आमच्या परीक्षितला, म्हणजे सत्यजितच्या कॉलेजच्या मित्राला, आपल्या काकाच्या रानात नेलं होतं. गोळी ग्रेगनेच झाडली. या दोघांनी थंडीत बसून थर्मासमधली कॉफी संपवली आणि हरीण ओढायला हात लावला. तरी घरी आल्यावर दोघांचा रुबाब असा, जणू वाघच मारलाय.

हरीण सोलून, चार भाग करून दोन मोठ्या कूलरमध्ये बर्फात भरून आणलं होतं. ग्रेगचा फ्रीझर आधीच्या हरणाने भरलेला, म्हणून पुढचं सगळं आमच्या किचनमध्ये. डायनिंग टेबलवर मी इंडियन स्टोअरमधली फुकट वर्तमानपत्रं आणि त्यावर प्लास्टिक पसरलं. ग्रेगने आपली सुरी मला दिली. पातळ पात्याची, हाडाच्या मुठीची, त्याच्या वडिलांची. हाड कापायचं नाही, सांध्यातून सोडवायचं. मांसावरची रुपेरी झिल्ली काढायची. चरबी सगळी टाकायची, हरणाची चरबी टाळूला मेणासारखी चिकटते. हे सगळं त्याने एकदा दाखवलं आणि मग माझा हात बघून गप्प बसला.

"यू हॅव डन धिस बिफोर," एवढंच म्हणाला.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना ज्या लांब पट्ट्या असतात ते सगळ्यात चांगलं मांस. दोन पट्ट्यांचे मी बेताने सहा तुकडे केले. तीन वाटे, प्रत्येकी दोन. कापलं मी, वाटे सत्यजितने घातले. ग्रेग आणि परीक्षित बाहेर ड्राइव्हवेत कूलर धूत होते. मी सत्यजितला रीत समजावली आणि शेगडीकडे तोंड करून उभी राहिले. आमच्या किचनमध्ये शेगडी भिंतीला लागून आहे, टेबल बरोबर पाठीमागे.

"हा कुणाचा?"

"ग्रेगचा."

"हा कुणाचा?"

"आपला."

"हा कुणाचा?"

"परीक्षितचा."

"हा कुणाचा?"

मला हसू आलं. सत्यजितला गंमत केल्याशिवाय चैन पडत नाही. "आता कोण उरलंय? राहिलेल्याचा!" मी म्हटलं आणि वळले.

टेबलवर तीन वाटे होते. सत्यजित टेबलाजवळ नव्हताच. तो कोपऱ्यातल्या सिंकवर कोपरापर्यंत हात धूत उभा होता.

"राहिलेल्याचा काय? तीनच तर होते," तो म्हणाला. "मी तीनदाच विचारलं."

२

माझा विश्वास बसला नाही हे सांगायला नको. चौथ्यांदा विचारून पटकन सिंककडे सरकायला कितीसा वेळ लागतो? पण प्लास्टिकवर तीन वाट्यांच्या शेजारी एक चौथा ओला गोल होता. बशीएवढा, लालसर, मांस ठेवून उचलल्यावर उमटतो तसा.

"इथे काय ठेवलं होतंस?"

"काही नाही गं. आधी ठेवून मग हलवलं असेल. मला काय माहीत, मी काय खाटीक आहे?"

पटण्यासारखं होतं, म्हणून मी पुसून टाकलं. ते दोघं आपापले वाटे घेऊन गेले. मी आमचा वाटा झिपलॉकच्या पिशव्यांत भरायला घेतला आणि हात थांबला. पाठीच्या पट्टीचा एकच तुकडा निघाला. दोन हवे होते.

"परीक्षितने ढापला," मी म्हटलं.

"यार, नीला! तो इथे आलासुद्धा नाही."

"कूलर आत ठेवायला आला होता. आणि गेल्या दिवाळीत चकल्यांचा डबा कुणी रिकामा केला होता?"

सत्यजितने हात जोडले. रात्री त्याने परीक्षितला फोन केला, हसत हसत विचारलं, स्पीकरवर. परीक्षितकडे दोन तुकडे होते. सोमवारी ग्रेगला विचारलं, त्याच्याकडेही दोन. म्हणजे सहापैकी पाचांचा हिशेब लागला. मी कचऱ्याची पिशवी गॅरेजमध्ये उलटी करून पाहिली. झिल्ली, चरबी, हाडं. तुकडा नव्हता.

सत्यजितला मात्र नवा विनोद मिळाला. जेवताना शेवटचा पापड उरला की त्यावर हात ठेवून तो विचारायचा, "हा कुणाचा?" आणि स्वतःच सांगायचा, "राहिलेल्याचा!" आणि कडकन तोंडात टाकायचा. त्याला मोठं हसू यायचं. पहिले दोन-तीन दिवस मलाही आलं.

३

बुधवारी मी रस्सा करायला घेतला. हरणाच्या मांसाचा उग्रपणा जावा म्हणून रात्रभर दह्यात आणि हळदीत ठेवलं होतं. ते पातेलं टेबलवर होतं. ग्रेग विसरून गेला होता ती त्याची सुरीही धुऊन, पुसून तिथेच ठेवली होती, म्हणजे सत्यजित ऑफिसला नेताना विसरणार नाही. दुपारचे चार वाजले असतील. मी शेगडीपाशी कांदा-खोबरं भाजत होते, एक्झॉस्टचा पंखा घरघरत होता.

"हा कुणाचा?"

सत्यजितचाच आवाज. अगदी मागून, टेबलापाशी उभं राहून विचारावं तसा. मला वाटलं लवकर आला. खोबरं करपायला आलं होतं, मी चिडलेच.

"राहिलेल्याचा! म्हटलं ना एकदा! आणि बूट काढलेस का?"

मी कढई उतरवली आणि वळले. किचनमध्ये कुणी नव्हतं. गॅरेजचं दार लावलेलं, गाडी नव्हती. बाथरूम बघितलं, वरच्या दोन्ही खोल्या बघितल्या, कपड्यांच्या क्लॉझेटमध्येसुद्धा डोकावले. मग त्याच्या डेस्कवर फोन लावला. दुसऱ्या रिंगला त्याने उचलला. मागे मशीनचा तो सततचा घोंघावणारा आवाज ऐकू येत होता.

"तू आत्ता घरी येऊन गेलास?"

"अगं, मी सकाळपासून इथेच आहे. का?"

"काही नाही."

खाली आले. मांसाचं पातेलं टेबलवर होतं तसंच होतं. सुरी नव्हती.

मी शहाणी बाई आहे. शिवाजी युनिव्हर्सिटीची एमएस्सी, केमिस्ट्री. इथे डिपेंडंट व्हिसावर आहे म्हणून नोकरी करता येत नाही, डोकं काही गहाण टाकलेलं नाही. मी ओळीने विचार केला. सुरी मीच कुठेतरी ठेवली असेल. आवाज म्हणजे कानात घुमलेला सत्यजितचा विनोद असेल. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या घेतल्या तर साध्या होत्या. मी ड्रॉवर उपसले, डिशवॉशर उघडला, फ्रिज ओढून मागे टॉर्च मारला. मग रस्सा पूर्ण केला. मीठ घालायला विसरले, हे सत्यजितने जेवताना सांगितलं.

४

सुरीवरून घरात भांडण झालं. ग्रेगने दोनदा विचारलं होतं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. ते जास्त वाईट, असं सत्यजितचं म्हणणं.

"त्याच्या वडिलांची होती ती. तू कुठे ठेवलीस, शांतपणे आठव ना."

"तू कुठे लपवलीस ते तू आठव. विनोद तुझा आहे, आवाज तुझा आहे."

"मी ऑफिसमध्ये होतो, नीला!"

ते खरं होतं, म्हणून मी जास्त चिडले. शेजारच्या उल्काकडे बेबी मॉनिटर होता, बाळाचं रडणं दुसऱ्या खोलीत ऐकवणारा. ते मॉनिटर दुसऱ्याच्या घरातलं बोलणं पकडतात असं मी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाऊन मी विचारलंच, की तुमच्याकडे मराठीत कुणी "हा कुणाचा" म्हणतं का. उल्का हसली. तिचा नवरा तेलुगू, बाळ पाच महिन्यांचं. "कोण म्हणणार गं?" शिवाय मॉनिटर तिच्या बेडरूममध्ये होता, आमच्या किचनमध्ये नव्हे. हे मला जायच्या आधीच कळत होतं.

मग परदेशी फोनचं कॉलिंग कार्ड खरवडून मी अण्णांना फोन केला. जानेवारीत त्यांच्या पंचाहत्तरीला मी येणार होते, तिकीट काढलेलं होतं. आधी ते बोलणं झालं, मग सहज विचारावं तसं विचारलं.

"अण्णा, वाटे घालताना कधी एखादा जास्तीचा पडला तर?"

"पडायचा की कधी कधी. घरं चार आणि वाटे पाच. बोलता बोलता चुकायचं."

"मग काय करायचे?"

"मोडायचा. समदं परत एकत्र करायचं आणि नव्यानं घालायचे. नाव नसलेला वाटा ठेवायचा नाही."

"का?"

"का म्हणजे? भांडणं नकोत म्हणून," अण्णा म्हणाले. "तू काय तिकडं बकरं कापलंस काय गं?" आणि खो खो हसले. मीही हसले. फोन ठेवल्यावर हसू लगेच गेलं.

मोडून परत घालायचे. मी परीक्षितला फोन करून त्याच्याकडचं उरलेलं मांस मागितलं, काय कारण सांगावं ते सुचेना, म्हटलं नीट साफ झालं नव्हतं. तो म्हणाला, "वहिनी, ते तर रविवारीच संपलं. रूममेट्स तुटून पडले." ग्रेगने तर सगळ्याचंच जर्की, म्हणजे सुकवलेलं मांस, करून नातेवाइकांना वाटलं होतं. आमच्या फ्रीझरमधल्या पाकिटांशिवाय मोडायला काही शिल्लकच नव्हतं. फोन ठेवताना माझी मलाच लाज वाटली. आपण कशावर विश्वास ठेवायला निघालो आहोत, असं वाटलं.

५

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता. डिसेंबरात तेवढ्यातच अंधारून येतं. मी शेगडीपाशी भाताला आधण ठेवत होते. टेबलवर माझा पासपोर्ट होता, मध्ये तिकिटाची प्रिंट घातलेली. दुपारी व्हिसाचे कागद लावत बसले होते, ते तिथेच राहिलं.

"हा कुणाचा?"

या वेळी माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. निघणार होता, जिभेच्या टोकापर्यंत आला होता. मी दात आवळून धरले.

"हा कुणाचा?"

घाई नाही, राग नाही. अण्णा विचारायचे तसं, हात ठेवून, उत्तराची वाट बघत. आवाज सत्यजितचा होता, पण कुणीतरी तो वापरून वापरून झिजवल्यासारखा. मला वळायचं होतं आणि मान वळत नव्हती. लहानपणी मागे न बघणारी ती मीच.

शेगडीच्या वर आमचा मायक्रोवेव्ह आहे, काळ्या काचेच्या दाराचा. त्यात पाठीमागचं टेबल दिसतं. आधणाची वाफ काचेवर चढत होती, तरी मधला भाग मोकळा होता. टेबलाची कड दिसली. निळा पासपोर्ट दिसला. त्यावर एक तळवा टेकलेला होता. मनगटाच्या पुढचं वाफेत गेलं होतं.

"हा कुणाचा?"

मी बोलले नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही. आधण उतू गेलं, बर्नरवर फसफसलं, आणि काच पूर्ण धुरकटली. मग मागे काही उरलं नाही हे मला न बघता कळलं. मी वळले. पासपोर्ट जागेवर होता.

म्हणजे उत्तर दिलं नाही तर वस्तू जात नाही. पहिल्यांदा दिलं, तुकडा गेला. दुसऱ्यांदा दिलं, सुरी गेली. या वेळी गप्प राहिले आणि पासपोर्ट राहिला. इतकं सरळ होतं, आणि हे सरळ वाटतंय याचीच मला भीती वाटली.

सत्यजित आल्यावर मी त्याला पासपोर्टचं कव्हर दाखवलं. ओलसर तळव्याचा डाग होता, पाचही बोटांचा.

"हा तुझाच असेल. स्वयंपाक करताना हात लागला असेल."

मी माझा हात त्यावर ठेवून दाखवला. डाग मोठा होता. त्याने मला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि बराच वेळ माझे केस मागे सारत राहिला.

"दिवसभर एकटी असतेस. माझंच चुकलं. तू जानेवारीऐवजी आत्ताच जातेस का? किंवा कुणाशी तरी बोलशील का, डॉक्टरशी?"

मी रडले. तो माझ्यावर प्रेम करत होता आणि माझ्यावर विश्वास ठेवत नव्हता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्याचंच मला रडू येत होतं. मी इतके दिवस त्याच्यावर संशय घेतला, आता तो माझ्यावर घेत होता, फक्त जरा मायेने.

"एक कर," मी म्हटलं. "तुला कधी ऐकू आलं, कुणी विचारलं, तर उत्तर देऊ नकोस. कुणाच्याही आवाजात असो. आणि तो विनोद बंद."

"बंद."

"माझी शपथ घे."

"तुझी शपथ," तो म्हणाला, आणि लहान मुलाची समजूत काढताना माणूस हसतो तसा किंचित हसला. मी ते पाहिलं. तरी मला बरं वाटलं.

६

मी टेबलाकडे पाठ करणं सोडलं. शेगडीपाशी आडवी उभी राहायचे, एक डोळा टेबलावर. टेबल पूर्ण रिकामं ठेवायचे, मिठाची बाटलीसुद्धा नाही. बारा दिवस काही झालं नाही. सत्यजितने शब्द पाळला. शेवटचा पापड उरला तर तो नुसता माझ्याकडे सरकवायचा. आमचं बोलणंही हळूहळू पहिल्यासारखं झालं.

रविवारी दुपारी तो म्हणाला, "फ्रीझरमध्ये ते शेवटचं पाकीट आहे. संपवून टाकू आणि विषय मिटवू. आणि आज मी करतो. तू तिथे शेगडीपाशी अशी तिरकी उभी राहतेस ना, माझीच मान दुखते. बस तू."

मला ते फार आवडलं. तो शेगडीपाशी उभा राहिला, मी टेबलाशी खुर्चीत बसले. आता टेबलावर माझी नजर होती आणि त्याच्या पाठीवरही. याहून सुरक्षित काही सुचण्यासारखं नव्हतं. बाहेर लख्ख ऊन होतं, उल्काच्या दारावर नाताळचा मोठा हिरवा रीथ, पानांचा गोल हार, लटकत होता. मी सूचना देत होते, कांदा अजून लाल होऊ दे, मसाला आता घाल, घरचा आहे, दोनच चमचे. तो "येस मॅडम" म्हणत होता. मसाल्याचा ठसका उठला, तो खोकला, मी हसले. कितीतरी दिवसांनी मी हसले हे त्याने न वळता टिपलं असणार, कारण त्याचे खांदे सैल झाले. मी दोन्ही हात टेबलावर ठेवून पुढे झुकले होते.

माझ्या डाव्या खांद्यावर हात पडला.

ओला, थंड, जड. नेम धरून ठेवलेला.

"हा कुणाचा?"

माझ्या कानाशी, माझ्याच आवाजात. खट्याळ, लाडिक, मी सत्यजितला चिडवताना बोलते तसा. मी "नको" म्हणायला तोंड उघडलं. आवाज फुटलाच नाही, आवाज तर आधीच वापरला गेला होता. मी टेबलावर मूठ आपटली, तिचाही आवाज झाला नाही.

सत्यजितचा पातेल्यातला डाव थांबला. मागून मला त्याचा गाल दिसला, त्यावर हसू पसरत होतं. त्याला वाटलं मी बरी झाले. त्याला वाटलं, मीच विनोद परत सुरू केला. तो ज्याची दोन आठवडे वाट बघत होता ते त्याला मिळालं होतं, आणि शपथ त्याच्या लक्षातसुद्धा राहिली नाही.

"राहिलेल्याचा!" तो आनंदाने म्हणाला आणि डाव हातात घेऊन वळला.

त्याने टेबलाकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. त्याचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं.

"नीला?"

मी त्याच्यासमोर बसले होते. त्याने गॅरेजचं दार उघडून हाक मारली. जिन्यावरून वर गेला, क्लॉझेटची दारं उघडल्याचे आवाज आले. रस्सा खाली लागला, स्मोक अलार्म वाजायला लागला, तरी तो मला हाका मारत फिरत होता. टेबल आता रिकामं नव्हतं. ग्रेगची हाडाच्या मुठीची सुरी माझ्या हाताशी पडलेली होती. तिच्याशेजारी पाठीच्या पट्टीचा तो सहावा तुकडा होता, लाल, ताजा, आत्ताच कापल्यासारखा.

७

पोलीस दोनदा येऊन गेले. पासपोर्ट घरात, पर्स घरात, बूट दाराशी. मग बायको गेली कुठे, असं ते त्याला वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात. उल्का त्याच्याशी दारातूनच बोलते. अण्णांचा फोन आला तेव्हा त्याला धड बोलता आलं नाही आणि अण्णांनी फोन आपटला. सगळ्यांच्या संशयाचा धनी तो झालाय. मी आयुष्यभर संशय घेत आले आणि आता या घरात त्याच्यावर विश्वास ठेवणारी मी एकटीच आहे.

मी त्या खुर्चीत असते. खांद्यावरचा हात अजून आहे. मी मागे वळून बघितलेलं नाही.

सत्यजित संध्याकाळी येतो, काहीतरी गरम करतो, उभ्यानेच खातो. मग सिंकवर भांडी धुवायला लागतो, माझ्याकडे पाठ करून. तेव्हाच माझा आवाज परत येतो. दुसरं काही बोलायचं म्हटलं तर येत नाही, पुष्कळ प्रयत्न केला. तेवढे दोनच शब्द येतात. मी रोज विचारते. एकदा, फक्त एकदा त्याने "माझा" म्हणावं, एवढंच मला हवंय. "माझा" म्हणाला तर मी त्याची होईन, अशी माझी खात्री आहे.

"हा कुणाचा?"

त्याला ऐकू येतं. तो नळ बंद करतो. त्याची पाठ ताठ होते, हात सिंकच्या कडेवर आवळले जातात. डोळ्यांतून पाणी गळतं ते मला समोरच्या खिडकीच्या काचेत दिसतं. ओठ घट्ट मिटून तो तसाच उभा राहतो, मी विचारायची थांबेपर्यंत.

माझी शपथ आता तो पाळतो.